कपाळाला कपाळ

हवाईच्या भाषेशी माझा संबंध सिंगापुरातल्या रॅफल्स प्लेसच्या ऑफिसपुरता होता. वर्षातून एका शुक्रवारी एचआरची मंडळी गळ्यात प्लास्टिकच्या माळा घालून लिफ्टपाशी उभी राहत आणि ‘आलोहा!’ असं ओरडत. बढती हुकलेले लोकही हसून उलट ‘आलोहा’ म्हणत. त्यामुळे लेकीने ठरवलेला मुलगा हवाईचा निघाला तेव्हा, निदान एक शब्द तरी येतो, एवढं समाधान मला होतं.

“बाबा, तसं ओरडायचं नाही, ला!” लेकीने सिंगापुरी ढंगात बजावलं.

तिची काळजी खरी होती. मुलाला आजीने वाढवलेलं. त्या आजी आमच्या ईस्ट कोस्टच्या फ्लॅटवर जेवायला येणार होत्या, आणि आम्ही त्यांना पटलो नाही तर लग्नाचं काही खरं नव्हतं.

बायकोने फ्रिजवर कागद चिकटवला. आभार मानायला ‘महालो’. कसं काय म्हणून विचारायला ‘पेहेआ ओए’, त्यावर उत्तर ‘माइकाई’, म्हणजे उत्तम. आठवडाभर सकाळचा चहा देताना ती मला “पेहेआ ओए?” विचारत होती. तीस वर्षांच्या संसारात माझी इतकी चौकशी कधी झाली नव्हती.

“आणि वाकून नमस्कार कर,” ती म्हणाली. “मोठ्या आहेत त्या.”

रविवारी दुपारी आजी नातवाबरोबर आल्या. उंच, रुंद, हातात खऱ्या फुलांचा हार. मी हळू आवाजात ‘आलोहा’ म्हटलं आणि त्यांच्या पायांशी वाकलो. नेमक्या त्याच क्षणी त्या पुढे झुकल्या. त्यांच्याकडे भेटताना कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवून एकत्र श्वास घेतात, हे कागदावर नव्हतं. माझं टक्कल त्यांच्या हनुवटीवर आदळलं. माझा चष्मा चपलांत जाऊन पडला.

लेकीने डोळे मिटून घेतले. माफीचा शब्दही कागदावर नव्हता, म्हणून बायकोने जवळ होता तो वापरला. “माइकाई! माइकाई!”

आजींनी हनुवटी चोळत नातवाला इंग्रजीत विचारलं, “हे माझ्या पायाशी काय शोधत होते?”

लेकीने आमची पद्धत समजावून सांगितली. आजींनी आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि इतक्या मोठ्याने हसल्या की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, “आता सावकाश.” कपाळ टेकलं, नाक टेकलं. मीही त्यांच्याबरोबर श्वास घेतला. परक्या माणसाच्या डोळ्यांत इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. चष्मा नसल्यामुळे तेव्हाही काही दिसलं नाही.

बायकोने मात्र नीट वाकून नमस्कार केला. आजी तो संपेपर्यंत ताठ उभ्या राहिल्या आणि मगच झुकल्या. हार तिच्या गळ्यात पडला.

टेबलाशी बसल्यावर त्यांनीच हाक दिली, “ए आइ काकोउ!” चला, सगळे जेवू या. घर आमचं, भरीत आमचं, पण आम्ही पाहुण्यांसारखे निमूट बसलो.

“लग्न कुठे करायचं?” त्यांनी विचारलं.

“पुण्यात,” बायको म्हणाली. “इथेच,” मी म्हणालो. “हवाईला,” लेक म्हणाली. तिघंही एकदमच.

“म्हणजे करायचं हे ठरलं,” आजी म्हणाल्या आणि त्यांनी भरिताचं भांडं आपल्याकडे ओढलं.