खांबच्या आजींनी काढलेली ओढणी

गेल्या वर्षी श्रावणात मी गणपतीशी बोलणं टाकलं होतं. आमच्या हमरापूरला राहून हे जमणं कठीण, कारण भावाच्या कारखान्यात पडवीपासून माडीपर्यंत मूर्तीच मूर्ती. जिकडे तोंड फिरवावं तिकडे तोच बसलेला.

मी मालिकांमधली खाष्ट सासू. सुनांवर भुवया उडवूनच माझं पोट भरतं. एका सकाळी मेकअप रूममध्ये चूळ भरली, तर पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळलं. आरशात पाहिलं, अर्धा चेहरा झोपी गेलेला. चेहऱ्याची नस सुजली आहे, बहुतेकांचं बरं होतं, धीर धरा, असं डॉक्टर म्हणाले. मालिकेवाल्यांनी माझ्या पात्राला घाईघाईने काशीयात्रेला धाडलं. गणपती होईपर्यंत थांबू, नाहीतर काशीहून दुसरीच सासू परत येईल, असं निर्माते हसत हसत म्हणाले. मला हसताही येत नव्हतं.

हमरापूरला आले ती तोंडाला ओढणी गुंडाळूनच. वहिनी आखणी करते, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवते. तिने काही न विचारता माझ्यापुढे मुकुटांचा सोनेरी रंग ठेवला. हात रंगात आणि मनात देवाला टोमणे: इतक्या जणांचे चेहरे नीट उतरतात, माझ्याच वेळी तुझा हात कसा चुकला? गाल फुगवणं, भुवया उचलणं हे डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम ओढणीच्या आत चालूच होते. डावी बाजू ढिम्म हलत नव्हती. रोज आशा धरायची आणि रोज रडू गिळायचं, याचा मला फार थकवा आला होता. एका दुपारी समोरच्या मूर्तीला मनात म्हटलं, आता तुझं तू बघ, मी नुसता रंग लावते.

हरतालिकेला गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. खांब गावच्या एक आजी मुलाला घेऊन टेम्पोने मूर्ती न्यायला आल्या. घरी नेताना मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकायची आमच्याकडे रीत आहे, तो उंबरठ्यावर ओवाळूनच काढायचा. मी रुमाल पुढे केला आणि "घ्या आजी" एवढंच म्हणाले. आवाज ऐकून त्या थबकल्या. मूर्ती राहिली बाजूला, त्यांनी भर कारखान्यात माझी झडती घेतली. पोटुशी सुनेला उपाशी ठेवलीस, तिचे दागिने लपवलेस, वर तोंड करून काशीला गेलीस, मग हितं काय करतेस? ते सगळं खोटं असतं हे सांगायला मी तोंड उघडलं, पण त्या ऐकतात कुठल्या. जवळ येऊन म्हणाल्या, "तोंड कशाला झाकलंस गो? गणपतीचं तोंडपण घर येईस्तवरच झाकतात. तू तर घरातच हायस."

आणि त्यांनी ओढणी सरळ खाली ओढली. आजींनी माझा वाकडा चेहरा नीट न्याहाळला, गालावरून हात फिरवला आणि समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, "सुनेला जेवायला घाल. व्हईल सरळ."

आधी भावाला हसू फुटलं, मग साऱ्यांना. मीही हसले, कित्येक आठवड्यांनी, पोट धरून. वहिनीने हातातला ब्रश खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "वन्सं, डावा गाल हलला."

संध्याकाळी आमचा गणपती घराच्या उंबरठ्यावर आला तेव्हा त्याच्या तोंडावरचा रुमाल मी काढला. माझी ओढणी तेव्हा खुंटीवर होती. बोलणं टाकलेल्याला काय म्हणावं ते सुचेना, म्हणून "ये" एवढंच म्हणाले.

नस तिच्या वेळेने बरी होणारच होती, असं डॉक्टर म्हणतात, आणि मी वाद घालत नाही. पण गणपतीनंतर चित्रीकरणाला गेले आणि पहिलाच प्रसंग हातात आला तो असा: काशीहून निवळून आलेली सासू सुनेला आपल्या हाताने घास भरवते. लेखकाला मी काही सांगितलं नव्हतं. घास भरवताना माझे डोळे भरून आले, आणि दिग्दर्शकाला ते फार आवडलं. डावी भुवई अजून जरा उशिराच उठते. उठू दे. माझा चेहरा माझ्या मुठीत आहे, हा भ्रम मात्र गेला, आणि तो गेल्यापासून काम करताना जो आनंद होतो तो आधी कधी झाला नव्हता.

या हरतालिकेला मी मुद्दाम हमरापूरला गेले. आजी आल्या, माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि समाधानाने भावाला म्हणाल्या, "सून जेवली वाटतं."