कुत्र्याचा श्रावण

चिंचवडला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायला येऊन आम्हाला वर्ष झालं असेल. एके दिवशी हे फर्स्ट शिफ्ट करून आले ते पिशवीत कुत्र्याचं पिल्लू घेऊनच. घरात हे, मी आणि सासूबाई. चातुर्मासात कांदा-लसूणही बंद असलेलं घर आमचं, तेव्हा पिल्लाला काय मिळणार? दूध-पोळी नाहीतर वरणभात. पोट तेवढं सुटलं, मागचे पाय मात्र फेंगडे झाले. उठायला गेलं की मटकन बसायचं.

मला राहवेना. शाळेत शिकवून परतताना मी नाक्यावरच्या मटणवाल्या चाचांना गाठलं. ते म्हणाले, "खिमा आन् कोवळं हाड घाला, वहिनी. पण कच्चंच बरं का. शिजलेलं हाड पोटात टोचतंय."

सासूबाईंनी अटी घातल्या. मटण उंबऱ्याच्या आत येणार नाही, जर्मनची थाळी मागच्या नळापाशीच राहील आणि खाऊ घालणारी अंघोळ केल्याशिवाय चुलीला शिवणार नाही. दिवसातून तीनदा अंघोळ करणारी त्या कॉलनीत मी एकटीच असेन! पण महिन्याभरात पिल्लू नळाभोवती गरागरा धावायला लागलं आणि मी एवढी खूश झाले, की चौथी अंघोळही केली असती.

मग श्रावण लागला. "आपल्या घरचं खातो ना? मग महिनाभर पाळेल," सासूबाई म्हणाल्या. आणि गंमत बघा, मला, शिकलेल्या मास्तरीणबाईला, ते पटलं! सोमवारी पिल्लापुढे साबुदाण्याची खिचडी. ते वास घ्यायचं आणि माझ्याकडे बघत बसायचं. पंधरा दिवसांत पाय पुन्हा लटपटायला लागले.

हे वैतागले. "असं उपाशी मारायचं असेल, तर पुढच्या रविवारी मी त्याला कुरुळीला मित्राच्या शेतावर सोडून येतो. तिथं जगेल तरी." मी रडरड रडले. सासूबाई देवापाशी वाती वळत सगळं ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार, म्हणून शाळा लवकर सुटली. नाक्यावर येते तो काय, मटणाच्या दुकानापुढे सासूबाई उभ्या! नाकाला पदर, मान रस्त्याकडे वळवलेली आणि हात मागे पसरलेला. "कोवळं हाड बघून द्या हो," त्या चाचांना सांगत होत्या, "आमचं बाळ फार अशक्त झालंय."

मी आडोशाला उभी राहून पोट धरून हसले आणि डोळेही पुसले.

कुरुळीचा विषय तिथेच संपला. गौरी-गणपतीपर्यंत पिल्लू आल्यागेल्याच्या अंगावर उड्या मारायला लागलं. पुढे ते आमच्याकडे अकरा वर्षं राहिलं. एरवी मटण आणायचं काम माझं, पण श्रावणात मात्र सासूबाई मला दुकानाची पायरी चढू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "तू कशाला जातेस? लागायचं ते पाप माझ्या एकटीला लागू दे."