सुशांतच्या गाडीचे टर्बो आणि प्रणालीची अट

भिवंडीजवळ राहनाळला आमच्या सुशांतचं गॅरेज आहे. तिथे गाड्या येतात, काम झालं की जातात. किस्से मात्र येतात आणि तिथेच पडून राहतात, न्यायला कोणी येत नाही. आता अशी अवस्था आहे की एखादा किस्सा बाजूला सरकवल्याशिवाय स्टूल ठेवता येत नाही. म्हणून म्हटलं, थोडे बाहेर काढू.

सगळे एकाच गाडीचे आहेत. सुशांतची स्वतःची, बाराशे सीसीची. एसी लावून चौघं बसले की फ्लायओव्हरवर एकाला उतरावं लागतं, अशी. साखरपुड्यात सुशांतला कुणीतरी माइक दिला. ही पहिली चूक. तो म्हणाला, "प्रणालीला मी माझ्याच गाडीतून घरी आणणार. टर्बो लावून!"

टाळ्या पडल्या. टाळ्या संपेपर्यंत प्रणाली थांबली. मग तिने माइक घेतला. "सगळ्यांनी ऐकलं ना? दारात दुसऱ्याची गाडी दिसली, तर मी मांडवातून परत घरात."

पाव्हणे हसले. तिचे वडील हसले नाहीत. ते वज्रेश्वरीच्या पुढचे, भातशेतीवाले, सरळ माणूस. सुशांतच्या कानाशी येऊन म्हणाले, "जावई, ती मस्करी करत न्हाय हां. एकदा बोलली वांगं खानार न्हाय. आमी वांगं लावायचं सोडलं."

दुसऱ्याच दिवशी सुशांतने इंजिन उतरवून गॅरेजच्या मधोमध ठेवलं. लग्नाला भरपूर वेळ होता. एवढंच ठरवायचं होतं, टर्बो एक लावायचा की दोन!

* * *

टर्बो म्हणजे काय, ते आधी सांगतो. सायलेन्सरमधून जो धूर फुकट जातो, त्याच्यावर एक पंखा फिरवायचा. त्या पंख्याने दुसरा पंखा फिरतो आणि तो इंजिनात हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. बस. एवढ्यावरून आमच्याकडे दोन पार्ट्या पडल्या.

ट्विन पार्टीचा दिनेश. मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे त्याच्याकडे, म्हणजे फ्रेम करून लावलेला आहे. तो म्हणायचा, "मोठा एक टर्बो उशिरा जागा होतो. छोटे दोन लावले की पटकन फिरतात."

सिंगल पार्टीचे इर्शादभाई. आमचे वेल्डर, आधी लूमवर फिटर होते. ते म्हणायचे, "छोटे इंजन का धुआं कितना, मुठभर! एकालाच पुरत नाय, दोन को क्या बाँटेगा?"

दोघंही बरोबर होते. तिथेच सगळं बिघडलं. एक जरी चुकीचा असता तर संध्याकाळपर्यंत वाद मिटला असता.

सुशांत दोघांचं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बरोबर आहे."

"कुणाचं?"

"तेच तर!"

अख्खा पावसाळा तो "तेच तर" बोलत होता.

* * *

एक दिवस इर्शादभाई टेम्पोतून उतरले, मागून दोन हमाल उतरले आणि हमालांनी मिळून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी उतरवलं.

"सिंगल मिल गया!" इर्शादभाई म्हणाले.

गोणपाट काढलं. भंगारातून आणलेला कंटेनर ट्रेलरचा टर्बो. लग्नात मसालेभात करतात त्या टोपाएवढा. बाजूला आमचं इंजिन ठेवलेलं होतं, ते एकदम लाजल्यासारखं दिसायला लागलं.

दिनेशने टेप लावून मापं घेतली. बराच वेळ घेतली. मग विचारलं, "भाई, हा गाडीला लावायचा की गाडी ह्याला लावायची?"

इर्शादभाई शांतपणे म्हणाले, "सिंगल बोला था. साइज कोई बोला क्या?"

* * *

दिनेशने ठरवलं, सुशांतला बूस्ट म्हणजे काय ते एकदा दाखवायचंच. त्याच्या मावसभावाने कंपनीचा टर्बो असलेली नवी गाडी घेतली होती. ती मागून आणली. मी मागे बसलो. निघालो अंजूरफाट्याकडे.

टर्बोचं असं असतं, इंजिन जरा फिरू द्यावं लागतं, मग तो लाथ मारतो. आणि भिवंडीत इंजिन फिरू द्यायचं तर पुढचा ट्रेलर आधी फिरला पाहिजे. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, बाजूला कापडाचे तागे भरलेला टेम्पो. पहिल्या गियरमधून आम्ही बाहेरच आलो नाही.

"बूस्ट आला?" सुशांत विचारायचा.

"येतोय, येतोय."

तेवढ्यात सायकल हातात धरून चालणारे एक काका आम्हाला ओव्हरटेक करून गेले. जाताना काचेशी वाकले. "बंद पडली का रं पोरांनो?"

दिनेश तावात म्हणाला, "नाही काका, टर्बो आहे!"

काकांचा चेहरा पडला. "अरेरे. कवापासून?"

* * *

माणसांना जमेना, तेव्हा देवाला विचारायचं ठरलं. सुशांतच्या आजोळी अजून कौल लावतात. देवाच्या मूर्तीला दोन बाजूंना दोन फुलं चिकटवायची, प्रश्न विचारायचा, जे फूल पडेल ते उत्तर. तिथल्या भगतबाबांनी जमिनीचे, लग्नाचे, हरवलेल्या म्हशीचे सगळे प्रश्न सोडवलेले.

"काय इचारायचं हाय?"

"टर्बो," सुशांत म्हणाला.

मला वाटलं आता हाकलतात. बाबांची पापणीसुद्धा लवली नाही. "पेट्रोल का डिझेल?"

उजवं फूल पडलं तर सिंगल, डावं पडलं तर ट्विन. सगळे हात जोडून बसलो. सुशांत तर गाडीऐवजी स्वतःच वाफ सोडत होता, एवढा घामाघूम. आणि एकदम दोन्ही फुलं पडली! एकाच वेळेला!

बाबा म्हणाले, "देवानं दोनी दिलं. जा."

परत येताना सुशांत पुटपुटला, "सिंगलपण आणि ट्विनपण. म्हणजे किती?"

दिनेश म्हणाला, "तीन."

दुसऱ्या दिवशी गॅरेजमधे गेलो तर सुशांत बॉनेटमधे डोकं घालून तिसऱ्याला जागा शोधत होता.

* * *

हळद जवळ आली. मग मीच सुशांतच्या लग्नाच्या व्हॉट्सअप ग्रुपवर पोल टाकला. तीन ऑप्शन दिले: सिंगल, ट्विन, लग्न.

पाव्हण्यांनी भरभरून मतदान केलं. सुशांतच्या आत्याने सिंगलला दिलं, म्हणून तिच्या नवऱ्याने ट्विनला. त्यांच्यात अजून बोलणं नाही. 'लग्न'ला संध्याकाळपर्यंत एकच मत पडलं. उघडून बघितलं, तर प्रणालीचं.

नवरदेवाचं बघितलं. ट्विनला!

त्याच्या खाली तिचा मेसेज आला, "गाडी जोडली का?" सुशांतने अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ काय, हे तिने विचारलं नाही. मला तेव्हाच भीती वाटली.

* * *

शेवटी ट्विन बसले. मतदानात तेच जिंकले होते, लोकशाही आहे. दोन छोटे टर्बो, पाइपांची गुंतवळ, इर्शादभाईंनी वेल्डिंग केलं तेसुद्धा तोंड वाकडं करून, पण केलं. सुशांतची आई आरतीचं ताट घेऊन आली. नारळ फुटला. चावी फिरली. आणि काय शिट्टी आली! बारीक, गोड, दोन सुरांची. दिनेश रडला. इर्शादभाईंनी दुसरीकडे बघितलं.

शिट्टी थांबली. मग भप्प असा आवाज आला आणि सगळीकडे पांढरा धूर.

सुशांतने ऑइलचं झाकण उघडलं. आत ऑइल नव्हतंच, साय आलेलं दुधाळ तपकिरी काहीतरी होतं. हेड गॅस्केट फुटून पाणी ऑइलमधे गेलं होतं.

आईने धूर हाताने बाजूला केला, वाकून बघितलं आणि म्हणाली, "यात चहा कुणी ओतला?"

इंजिन परत उतरलं. सुशांत त्याच्यावरच बसला. "सिंगल लावला असता तर?"

इर्शादभाईंची ही वेळ होती. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. ते त्याच्या बाजूला बसले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वो भी फटता."

त्याच्याएवढं वाईट कुणी काही बोललं नसेल.

* * *

लग्नाचा दिवस. इंजिन गॅरेजमधे उघडं पडलेलं. सुशांत मुंडावळ्या बांधून बॉनेटच्या खड्ड्यात बघत उभा. "ती घरात जाणार रे. ती बोलली म्हणजे जाणार."

मी विचारलं, "वरात किती स्पीडने जाते?"

"म्हणजे?"

"पुढे डीजे, मधे नाचणारी पोरं, मागे गाडी. गाडीला इंजिन लागतं कुठे?"

दापोड्याच्या एका गोडाऊनमधला मोठा टेम्पो आणला. गाडीला हार घातले, टेम्पोत चढवली, वज्रेश्वरीच्या पुढे प्रणालीच्या गावाच्या अलीकडे झाडाआड उतरवली. पुढे पोरं नाचत होती, स्टेअरिंगवर सुशांत. मागे मी, दिनेश आणि इर्शादभाई वाकून नाचत होतो, दोन्ही हात डिकीवर ठेवून. लोकांना वाटलं नवीन स्टेप आहे. गावातल्या चार पोरांनी ती उचललीसुद्धा, त्यामुळे चढ सोपा गेला.

मांडवाच्या दारात सासऱ्यांनी गाडीभोवती चक्कर मारली. कान लावला. "आवाजच न्हाय! मंग? एक लावला का दोन?"

सुशांत म्हणाला, "तेच तर!"

लग्न लागलं. जेवणं झाली. पाठवणीला प्रणाली रडली, आईच्या गळ्यात पडली, वडिलांच्या पाया पडली. सुशांत परत स्टेअरिंगवर बसला, आम्ही डिकीमागे जागा घेतल्या. ती गाडीत बसता बसता थांबली. स्टेअरिंगच्या खाली हात घालून तिने बॉनेटची कळ ओढली. सुशांत "अगं, अगं" करेपर्यंत पुढे गेली आणि बॉनेट उघडलं.

आत खालचा रस्ता दिसत होता. रस्त्यावर दोन अक्षता पडलेल्या होत्या.

तिने बघितलं. कुणाला दिसायच्या आत बॉनेट हळूच खाली दाबलं. डीजेवाला गाणं बदलत होता, त्यामुळे एकदम शांत झालं होतं. ती ड्रायव्हरच्या दारापाशी आली.

"उतर."

सुशांत उतरला. ती शालू सावरत स्टेअरिंगवर बसली, आरसा स्वतःच्या मापाला लावला, वडिलांना हात केला. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे, नवऱ्याकडे बघत म्हणाली,

"सेकंडला टाकते. ढकल!"