पुसून आणलेली गाडी

मिस्त्रींना सगळी गल्ली मिस्त्रीच म्हणायची. बायकोसुद्धा चारचौघांत ‘आमचे मिस्त्री’ असंच म्हणे. एकतीस वर्षं त्यांनी बसडेपोत काढली आणि त्यातली निम्मी बसच्या पोटाखाली, पाठीवर पडून. निवृत्त झाल्यावर माणसं जरा सरळ उभी राहतात, वेळच्या वेळी जेवतात, उन्हात खुर्ची टाकून बसतात. मिस्त्रींनी एक नवीकोरी गाडी घेतली आणि चारच महिन्यांत पुन्हा गाडीखाली आडवे झाले.

गाडी उंच होती, जाड टायरांची, चारही चाकांना जोर असलेली, दगडधोंड्यांतून चढून जाणारी. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला हौस आली. हौस कसली? वर डोंगरात त्यांची थोरली बहीण राहायची, आक्का. आई लवकर गेली आणि मिस्त्रींना अंगाखांद्यावर खेळवून तिनंच वाढवलं. डांबरी रस्ता संपला की तिच्या दारापर्यंत नऊ किलोमीटर नुसती दगडांची वाट. वर्षापूर्वी आक्का पायरीवरून पडली आणि मणक्याला चीर गेली. तेव्हापासून दर महिन्याच्या वीस तारखेला तिला खाली दवाखान्यात आणायचं, तपासून, इंजेक्शन देऊन परत पोचवायचं. डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. एकही तारीख चुकता कामा नये, आणि वाटेत धक्के बसता कामा नयेत. ‘मग खालीच राहायला ये की,’ असं म्हटलं तर आक्का म्हणायची, “आणि माझं घर? ते येणार आहे का चालत?” संपला विषय. तेव्हा मिस्त्रींनी आयुष्यातली पहिली नवी गाडी घेतली ती आक्काच्या पाठीसाठी.

आणि त्या गाडीचे मागचे दोन्ही शॉकअप तेल सोडायला लागले.

शॉकअप म्हणजे चाकाजवळची ती तेल भरलेली जाड नळी. चाक खड्ड्यात आपटलं की तो दणका ती गिळते, माणसापर्यंत पोचू देत नाही. तेल गळालं की ती गिळायचं सोडते, आणि गाडी एका खड्ड्याचे तीन धक्के देते. मिस्त्रींनी असे शॉकअप हजारो बदलले असतील. बोल्ट सोडवायचे दोन पाने आणि एक तास, एवढंच काम. पण आपल्या गाडीला मात्र त्यांना हात लावता येत नव्हता. बाहेरच्या कुणी एक बोल्ट जरी सैल केला तरी वॉरंटी बाद, असं कंपनीच्या पुस्तकात छापलेलं होतं. शिवाय गाडीचं मॉडेल इतकं नवं, की तो शॉकअप बाजारात मिळतच नव्हता. तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच यायचा, आणि तोही त्यांनी ‘खराब आहे’ असं लिहून दिलं तरच. ज्याच्या हाताला काम येतं त्याला हात बांधून बसवलं की काय होतं, ते मिस्त्रींच्या बायकोला विचारा. तिनं ते तीन महिने घरात भोगलं.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर एक गुळगुळीत दाढीचा साहेब बसायचा. काहीही सांगा, तो म्हणायचा, “बघूया, काका.” मिस्त्रींनी त्याचं नावच ‘बघूया’ ठेवलं.

पहिल्या खेपेला बघूयानं गाडी लिफ्टवर चढवायला सांगितली, काचेपलीकडे दोन मिनिटं कुणीतरी बॅटरी मारली, आणि निरोप आला. “कोरडं आहे, काका. थोडाफार घाम येतोच नव्या गाडीत.”

“घाम?” मिस्त्री म्हणाले. “एकतीस वर्षं शॉकअप बघतोय मी. घाम मला यायचा, त्यांना नाही.”

“बघूया, पुढच्या वेळी.”

पुढच्या वेळीही तेच झालं. या खेपेला बघूयानं हातात एक कागद ठेवला, खाली निळा शिक्का. ‘तपासणी केली. गळती आढळली नाही. शॉकअप योग्य स्थितीत.’ मिस्त्रींचे हात सांगत होते की गाडी मागून उड्या मारतेय. पण शिक्का शिक्काच. एवढी मोठी कंपनी, एवढी यंत्रं, एवढ्या काचा. आपलंच चुकत असेल, तो घामच असेल, आता वय झालं, असं मिस्त्रींनी मनाशी म्हटलं आणि वीस तारखेला तो कागद खिशात घालून ते आक्काला आणायला गेले. आक्कालाही तो वाचून दाखवला.

त्या नऊ किलोमीटरांत आक्का एकदाही ओरडली नाही. डांबरी रस्त्याला लागल्यावर मिस्त्रींनी आरशात पाहिलं, तर तिच्या तोंडात शालीचं टोक होतं. ते तिनं काढलं तेव्हा शालीला दातांनी भोक पडलेलं होतं.

“कागद तुझ्या गाडीचा आहे रे,” आक्का म्हणाली, “माझ्या पाठीचा नाही. पुढच्या वीस तारखेला येऊ नकोस. मी बसणार नाही.”

परत नेताना त्यांनी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं गाडी नेली. तरी धक्के बसायचे ते बसलेच. डॉक्टर म्हणाले होते, तारीख चुकली तर पुढे आक्का उठून बसेल याची खात्री नाही. आणि आक्का एकदा नाही म्हणाली की नाही, हे मिस्त्रींना लहानपणापासून ठाऊक होतं. कागद मोठा की आपले हात, याचा निकाल चुकीचा लावला आणि त्याची शिक्षा बहिणीला झाली, हे त्यांच्या मनातून जाईना.

तिसऱ्या खेपेला ते बघूयाशी तावातावानं भांडले. पुन्हा लिफ्ट, पुन्हा बॅटरी, पुन्हा कोरडं ठणठणीत. मिस्त्री घरी आले ते फाटक आपटूनच.

बायको अंगणात दोरीवर फडकी वाळत घालत होती. “काय म्हणाला?”

“काय म्हणणार? गळत नाही म्हणाला!”

“गळत नाही? दोन महिन्यांत चौदा फडकी धुतली मी. तेलानं बरबटलेली. माझे हात गेले घासून, आणि तो म्हणतो गळत नाही?” तिनं पंधरावं फडकं झटकलं आणि मध्येच थांबली. “अहो, ही एवढी फडकी होतात कशी?”

“कशी म्हणजे? रोज सकाळी पुसतो. आणि तिकडे न्यायच्या आधी गाडी खालून धुऊन, शॉकअप चांगले लख्ख पुसून नेतो.”

“मग त्याला दिसणार काय, तुमचं कपाळ?”

डेपोत मिस्त्रींना त्यांच्या हेडमिस्त्रीनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. गळती शोधायची तर आधी पुसायचं, मग गाडी दहा किलोमीटर फिरवायची, मग बघायचं. ताजं तेल आपोआप दाखवतं कुठून येतंय ते. दुसरी शिकवण अशी की दुसऱ्या कारागिराच्या हातात घाणेरडी गाडी द्यायची नाही, तो त्याचा अपमान असतो. एकतीस वर्षं हेच अंगवळणी पडलेलं. तिकडेही गाडी फिरवून बघत असतील हे मिस्त्रींनी गृहीतच धरलं होतं.

“फिरवून बघत नसतील?” ते पुटपुटले.

“विचारलंत कधी?”

नव्हतं विचारलं. कारागीर कारागिराला असलं काही विचारतो होय! मिस्त्री आधी अर्धा तास बायकोवर चिडले, मग बघूयावर, मग त्या काचेपलीकडच्यांवर. संध्याकाळी मात्र चिडायला दुसरं कुणी उरलं नाही, तेव्हा स्वतःवर. ज्या चौदा फडक्यांनी खटला जिंकता आला असता, ती त्यांनी स्वतःच धुवायला टाकली होती.

बायकोनं सगळी फडकी कपाटात घातली आणि किल्ली आपल्याकडे ठेवली. मिस्त्री रोज दगडांच्या वाटेवर दोन-तीन किलोमीटर जाऊन येत आणि गाडी तशीच उभी करत. सहा दिवस. धुळीचे थर चढले, चिखल वाळला. शेजारी कुंपणावरून म्हणाले, “मिस्त्री, तब्येत बरी आहे ना?” मिस्त्रींनी तोंड फिरवलं. गाडीजवळून जाताना त्यांचे हात शिवशिवायचे. एकदा त्यांनी सदऱ्याच्या बाहीनंच पुसायला घेतलं, तर खिडकीतून आवाज आला, “बाही मी धुणार नाही हं!”

सातव्या दिवशी ते ती चिखलानं माखलेली गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरमध्ये शिरले. मान वर करवत नव्हती. बघूयानं नाक मुरडलं. गिऱ्हाइकांनी पिवळ्या रेघेच्या आत यायचं नाही, अशी पाटी होती. मिस्त्रींनी आयुष्यात पहिल्यांदा एक नियम मोडला आणि थेट लिफ्टखाली जाऊन उभे राहिले. तिथं पिकलेल्या मिशांचा एक फिटर बॅटरी मारत होता. शॉकअपवर धुळीचा काळा, ओला गिलावा चढला होता. त्यानं बोट लावलं, ते काळं झालं.

“दोन्ही गेलेत मागचे,” तो म्हणाला. “बरेच दिवस झालेले दिसतात.”

“तुम्ही गाडी फिरवून बघत नाही?”

“कधी फिरवणार? एका गाडीला अकरा मिनिटं. आणि तुमची गाडी यायची ती नवरीसारखी नटून. आम्हाला वाटायचं, म्हातारा उगाच कुरकुरतोय.”

अपमान करू नये म्हणून पुसून आणली, आणि हे त्याचं फळ! मिस्त्रींनी हात टेकले. फिटरनं फोटो काढले. पार्ट आठ दिवसांत आले आणि अठरा तारखेला बसले. बघूया हसत हसत म्हणाला, “एवढंच होतं तर आधीच सांगायचं ना, काका!” मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी नवा कागद घेतला, शिक्क्यासकट, आणि न वाचताच खिशात कोंबला.

वीस तारखेला सकाळी बायकोनं कपाटातून एकच पांढरं फडकं काढून दिलं. डांबरी रस्ता संपला तिथं मिस्त्रींनी गाडी थांबवली, दोन्ही शॉकअप स्वच्छ पुसले, फडक्याची कोरी बाजू वर काढून ठेवली आणि वर चढले.

आक्का दारात खुर्चीवर बसली होती. अंगावर तीच भोक पडलेली शाल.

“येऊ नकोस म्हटलं होतं ना?”

“नवे बसवलेत, आक्का.”

“कागद आणलास?”

“आणलाय.”

“ठेव खिशात. तू बघितलंस का?”

“खाली पुसून निघालो होतो. नऊ किलोमीटर दगडांतून आलोय. आता बघतो.”

दवाखान्यात जायच्या धुतलेल्या कपड्यांनिशी मिस्त्री तिच्यासमोर मातीत आडवे झाले आणि गाडीखाली सरकले. कोरी बाजू दोन्ही शॉकअपवरून फिरवली, अगदी तेल झिरपतं त्या सीलच्या कडेपर्यंत. मग उठून आक्काच्या हातात फडकं दिलं. तिनं ते डोळ्यांजवळ नेलं, उलटंपालटं करून पाहिलं, त्याचा वास घेतला. धुळीशिवाय त्यावर काही नव्हतं.

“मागच्या वेळी हे का नाही केलंस?” तिनं विचारलं.

“चुकलं माझं,” मिस्त्री म्हणाले.

“धर मला.” ती उठली. “आणि हे राहू दे माझ्याकडे. शाल आणखी फाडायची नाहीये मला.” तिनं फडक्याच्या चार घड्या घातल्या आणि ते मुठीत घेऊन मागे बसली.

मिस्त्री निघाले. पहिलं खडकाळ वळण आलं. गाडी दबली, एकदाच वर आली आणि निवांत झाली. पूर्ण वाटेत आरशात बघायचं धाडस त्यांना झालं नाही. डांबरी रस्ता आला तसे ते थांबले.

“का थांबलास?” मागून आक्कानं विचारलं. “उशीर होईल.”

मग पुढे हात करून तिनं फडकं परत दिलं. चारही घड्या तशाच होत्या. कुठेही दात उमटलेले नव्हते.