राखणदारांची पावलं

भंडाऱ्याच्या दवाखान्यात माझा धाकटा भाऊ मेंदूज्वरानं निपचित पडला होता. शेजारच्या खाटेवर करडी गावाकडच्या एका बाईचा नवरा, तोच आजार. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. बाकावर बसली की ती पदर बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

डॉक्टर आम्हा दोघांना म्हणाले, "जंतू आटोक्यात आलेत. पण मेंदूतल्या राखणदार पेशी चवताळल्यात, शांत होत नाहीत. आता सूज त्यांच्यामुळं आहे."

"राखणदारच घात करतात म्हणजे काय!" डॉक्टर गेल्यावर मी चिडून पुटपुटलो.

ती हळूच म्हणाली, "भाऊ, डुक्कर धानाच्या बांधीत घुसले का आमी सारे काठ्या घेऊन धावतो. डुक्कर पयून जाते. मंग पाहावं तं निम्मा धान आमच्याच पायाखाली. कोनी तरी वावराच्या धुऱ्यावरून वरडते, या रे बाहेर. पन डोस्क्यात कोन वरडल जी?"

तेवढ्यात नर्सनं तिला आत बोलावलं. दाराशी चपला काढून ती फरशीवरून एकेक पाऊल जपून टाकत गेली, जणू खाली निसवलेला, लोंब्या आलेला धान उभा होता.

मग मला बोलावलं. मी बूट काढून हातात घेतले.