सेकंद काट्यासाठी महाडला दोन दिवस

मागच्या लेखाखाली एका वाचकाने विचारलं होतं, "आयुष्यातलं पहिलं घड्याळ घ्यायचंय. कमी पैशात चांगलं कुठलं?" मी घड्याळांतली जाणकार नव्हे. सारी नोकरी नर्स आणि सुईण म्हणून केली आणि स्वतःसाठी म्हणून एकच घड्याळ विकत घेतलं. पण त्यासाठी पोलादपूरहून महाडला केलेला प्रवास अजून लख्ख आठवतो. तो सांगते, त्यात उत्तर सापडलं तर घ्या.

साठच्या दशकाची मधली वर्षं. मुंबईहून शिकून मी पोलादपूरच्या दवाखान्यात नुकती लागले होते. नाडी मोजायला डॉक्टरांचं घड्याळ मागून घ्यायचे. त्यांची बदली झाली आणि घड्याळही त्यांच्या मनगटावर बसून गेलं. भिंतीवर लंबकाचं होतं, पण त्याला सेकंद काटा नव्हता. त्यातच भाद्रपदात एका वाडीवर बाळंतपणाला गेले. पोटातल्या बाळाचे ठोके नळीतून ऐकू येत होते, पण मोजणार कशावर? मनाशी एक-दोन-तीन म्हणत अंदाजाने मोजले. बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली, ती त्यांची पुण्याई. पण परतीच्या वाटेवरच मी ठरवलं की घड्याळ घ्यायचं.

खोटं कशाला बोलू, मनात एक घड्याळ आधीपासून होतं. शिकताना माझ्या खोलीत राहणाऱ्या मुलीकडे एक सोनेरी, चिमुकलं, बायकांचं घड्याळ होतं. तिने हात हलवला की ते चमकायचं. मी तीन वर्षं त्या मनगटाकडे बघत अभ्यास केला.

मार्गशीर्षात भात झोडून झालं आणि आबा मोकळे झाले. आबा म्हणजे माझे वडील. आमची वाडी कशेडी घाटाखाली. आबांचं घड्याळ म्हणजे ओटीच्या खांबाची सावली, आणि ढगाळ दिवशी घाट चढणाऱ्या ट्रकांचा आवाज. ते सकाळीच काठी टेकत पोलादपूरच्या स्टँडवर हजर झाले.

"आबा, तुम्ही कशाला दगदग करता? मी एकटी जाऊन आले असते."

"येवड्या किमतीची वस्तू घ्यायची नि संगती घरचं मानूस नको? चल गो बाय."

एसटी तासभर उशिरा आली. तिकीट तेव्हा रुपयाच्या आत होतं. रस्ता अरुंद, समोरून ट्रक आला की आमची गाडी कडेच्या गवतात उतरायची. सावित्री नदी झाडांमधून दिसायची नि लपायची. महाडच्या अलीकडचा जुना दगडी पूल आला तेव्हा आबांनी टोपी काढून नदीला हात जोडले. तो पूल आता नाही. आता चौपदरी रस्ता आहे, तुम्ही अर्ध्या तासात पोचाल. पोचायची घाई नसेल तर मात्र नदी दिसेल अशी खिडकी धरा.

महाडला उतरल्यावर आधी चहा आणि कांदाभजी. आबांनी फडकं सोडून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी हॉटेलातच खायला घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मी मुंबई बघून आलेली ना! आज ती चटणी कुठे मिळाली तर मी रस्त्यात बसून खाईन.

बाजारपेठेत भाजलेल्या पोह्यांचा वास होता. घड्याळांचं दुकान जेमतेम एका दाराचं. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या दुकानदारांना सगळी पेठ अण्णा म्हणायची. मी नर्स आहे, नाडी मोजायला घड्याळ हवंय, असं सांगितलं. त्यांनी भिंग काढलं आणि काचेवर घड्याळं मांडत गेले. त्यांनी सांगितलेल्या पायऱ्या आजही बऱ्याचशा खऱ्या आहेत.

सगळ्यात खालच्या पायरीवर बिनखड्यांचं घड्याळ. आवाज मोठा, दोन वर्षांत चाकं झिजणार. "जत्रेत मिरवायला ठीक," अण्णा म्हणाले. त्याच्यावर पंधरा खड्यांचं. हे खडे आत, चाकांच्या आसाखाली बसवलेले असतात, म्हणून घासाघीस कमी. मग सतरा खड्यांचं स्विस, आणि त्याच्याच शेजारी सतरा खड्यांचं, बंगळूरच्या नव्या कारखान्यातलं. "काम दोघांचं सारखं. स्विसचे जास्तीचे पैसे नावाचे आहेत. शिवाय याचा सुटा भाग मला इथे मिळतो, त्याचा मुंबईहून मागवावा लागतो." सोन्याचा मुलामा दिलेली आणखी वरची घड्याळं त्यांनी दाखवलीच नाहीत. "ती घालणाऱ्याला वेळ बघायची नसते," एवढंच म्हणाले.

आणि मग मला ते दिसलं. काचेच्या कोपऱ्यात, चिमुकलं, सोनेरी.

"ते बघू?"

अण्णांनी हातात दिलं. मी मनगटावर धरलं. आबांनी मान वाकडी करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "झ्याक दिसतंय बाय. हेच घे."

"याला सेकंद काटा नाही, सिस्टर," अण्णा म्हणाले. "एवढ्याशा तबकडीत मावत नाही."

मी ते परत ठेवलं. वाईट वाटलं. पण भाद्रपदातली ती रात्र मी विसरले नव्हते.

बंगळूरच्या घड्याळाचा सेकंद काटा लांब होता, मधोमध बसवलेला. अण्णा म्हणाले, "मोजून बघा ना कुणाची तरी नाडी." आबांनी लगेच सदऱ्याची बाही वर केली. त्यांच्या मनगटावर विळ्याचा जुना वण होता, त्याच्या खालीच नाडी लागायची. पहिल्या मिनिटाला अडुसष्ट ठोके आले. दुसऱ्या मिनिटाला त्रेसष्ट. तिसऱ्याला पुन्हा सदुसष्ट.

"अण्णा, याचा काटा मध्येच पळतो."

त्यांनी स्विस घड्याळ दिलं. त्यावरही तेच. अण्णा शांतपणे म्हणाले, "दोन घड्याळं एकदम बिघडायची नाहीत, सिस्टर."

"तुमच्या दुकानात बिघडत असतील," मी म्हणाले. जीभ तेव्हा फारच तिखट होती. घरचे म्हणतात, अजूनही आहे.

अण्णा रागावले नाहीत. "आज बघा, उद्या न्या, असा माझा नियमच आहे. मी आज संध्याकाळी हे रेडिओशी लावतो. रात्रभर चालू दे. सकाळच्या बातम्यांआधी रेडिओवर टोले पडतात, तेव्हा तुम्हीच समोर उभ्या राहून ताडून बघा."

मुक्कामाला चवदार तळ्याजवळ आत्या होती. तिने वालाचं बिरडं नि भात केला. आबा तिला रंगवून सांगत होते, "आमची बाय दुकानदाराला ऐकत नाय. तो दोन घड्याळं देतो, ही दोन्ही नापास करते." आत्या हसत होती. मला माझ्या हुशारीचा अभिमान वाटत होता. तो आठवला की आजही माझा मलाच राग येतो.

सकाळी आम्ही दुकानात उभे राहिलो. रेडिओचे टोले पडले. शेवटच्या टोल्याला बंगळूरचा काटा बाराच्या पुढे दोन सेकंद होता. रात्रभरात फक्त दोन सेकंद. आबांनी न सांगता हात पुढे केला. "घे, आता मोज."

मी बोटं ठेवली. ठोका, ठोका, ठोका, मग रिकामी जागा, आणि मग एक जोराचा ठोका. काल मी हीच रिकामी जागा बोटांनी अनुभवली होती आणि दोष काट्याला दिला होता. परक्या माणसाचा हात असता तर पहिल्या मिनिटात ओळखलं असतं. तीन वर्षं हेच तर शिकले होते. पण तो आबांचा हात होता, आणि आबांमध्ये काही बिघडू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"काय झालं गो? परत पळाला?"

"नाही आबा. घड्याळ बरोबर आहे."

"मग तोंड कशापायी उतरलं?"

मी बोटं तशीच ठेवून पुन्हा मोजू लागले. अण्णांना कळलं असावं. त्यांनी घड्याळ बाजूला ठेवलं आणि पुढच्या गल्लीतल्या डॉक्टरांचा दवाखाना दाखवला.

डॉक्टरांनी बराच वेळ छाती ऐकली. "ठोका मधूनमधून चुकतो. काहींचा चुकतो. आज भिण्यासारखं नाही. पण तंबाखू सोडा, भारे वाहू नका, आणि मुलगी नर्स आहे तर दर आठवड्याला नाडी बघू दे." आबांनी सगळं मान हलवत ऐकलं. बाहेर आल्यावर पायरीवर थांबले.

"म्हंजे घड्याळ चांगलं हाय ना?"

"हो."

"मग घे. त्या बिचाऱ्याला उगा बोललीस."

मी परत जाऊन अण्णांची माफी मागितली आणि बंगळूरचं घड्याळ घेतलं. एका महिन्याच्या अख्ख्या पगारातही थोडे पैसे कमी पडले असते, एवढी किंमत. अण्णांनी पट्टा बांधून दिला. "काटा मोठा आहे, कंदिलाच्या उजेडातही दिसेल," म्हणाले. पुरुषी घड्याळ माझ्या मनगटावर ताटलीएवढं दिसत होतं.

परतीच्या गाडीत, पुलावर हात जोडून झाल्यावर आबा म्हणाले, "ते बारकं तुला पायजे व्हतं."

"नव्हतं."

"व्हतं. मी बघितलं ना. पुढं कधीतरी घे, नुसती घालायला."

मी ते कधीच घेतलं नाही. पुढे ऐपत आली, दुकानंही आली, पण ते घड्याळ घालून ज्यांना दाखवायचं ते उरले नव्हते.

त्यानंतर मी दर रविवारी वाडीवर चढून जायचे. मी चपला काढायच्या आत ओटीवर बसलेल्या आबांची बाही वर गेलेली असायची. तंबाखू त्यांनी सोडली, निदान माझ्यासमोर तरी. असे अकरा वर्षांचे रविवार झाले. ते गेले एका बुधवारी, झोडणीच्या दिवसांत, दुपारी जेवून आडवे झाले असताना. त्या रविवारी मी घड्याळाला चावी दिली, चढून गेले आणि ओटीवर खांबाजवळ बसून राहिले. आईनेही मला का आलीस असं विचारलं नाही.

तर वाचकहो, घड्याळ घेताना नावाला भुलू नका. आपल्या गावात दुरुस्त होईल असं घ्या, एक रात्र चालवून बघा, आणि कामासाठी हवं असेल तर सेकंद काटा मोठा असू द्या. माझं अजून चालतं. पट्टे किती बदलले त्याची गणती नाही, काचेवर चरे पडलेत, दिवसाला मिनिटभर मागे पडतं. रोज सकाळी चावी देते आणि सवयीने स्वतःची नाडी बघते.

मागच्या महिन्यात असंच मोजत होते. ठोका, ठोका, ठोका, मग रिकामी जागा, आणि मग एक जोराचा ठोका. बोटांनी लगेच ओळखलं, या वेळी घड्याळाला दोष दिला नाही. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, काळजी करू नका. पण फोन उचलायच्या आधी मी आणखी एक मिनिट मोजलं, आणि मग आणखी एक.