शबानाची अराद सहल

"तू ये गो. कौतुक करणारी घरात आहेत, मला चुका काढणारं माणूस हवंय," असं शबाना फोनवर म्हणाली आणि मी बहारीनचं तिकीट काढलं.

शबाना माझी दापोलीच्या कॉलेजातली मैत्रीण. लग्न होऊन ती बहारीनला गेली आणि जुफैरच्या एका हॉटेलात बरीच वर्षं रिसेप्शनवर होती. पर्यटक रोडावले तशी हॉटेलने माणसं कमी केली, त्यात तिची नोकरी गेली. मग पर्यटनात छोटा धंदा करू पाहणाऱ्यांसाठीचा एक कोर्स तिने केला. शेजारची मरियम मूळची बहारीनची. दोघींनी भागीदारीत एक सहल आखली: अरादचा किल्ला, मुहर्रकच्या जुन्या गल्ल्या आणि शेवटी मरियमच्या घरी जेवण. ती पाहायला एका सहल कंपनीच्या बाई येणार होत्या. त्यांना पसंत पडली, तर जहाजातून येणारे पर्यटक शबानाकडे येणार होते.

जाणाऱ्यांसाठी सांगते: व्हिसा ऑनलाइन मिळतो, मुंबईहून थेट विमान आहे आणि विमानतळापासून अराद अगदी जवळ. हिवाळ्यातच जा. मॉल हवे असतील तर सीफला राहा, माणसं हवी असतील तर मुहर्रकला. टपरीवरचा करक चहा स्वस्त आहे आणि आपल्या चहापेक्षा दाट.

पहिल्या दिवशी मी एकटीच तिची पर्यटक झाले. किल्ला देखणा आहे, पण शबाना सनावळ्यांवर सनावळ्या सांगत सुटली.

"कंटाळा आला," मी म्हटलं.

तिचा चेहरा पडला. "किती पाठ केलंय माहितीये?"

"म्हणूनच. दापोलीत मला हर्णैचा बाजार दाखवायचीस, तसं बोल."

ती फणकाऱ्याने घरी निघाली. रात्रीचं जेवण झाल्यावर मात्र म्हणाली, "उद्या परत चल."

कंपनीच्या बाई आल्या त्या सकाळी जोराचा वारा सुटला. किल्ल्यावर उभं राहवेना, डोळ्यांत धूळ जाऊ लागली. मी मनात म्हटलं, संपलं. शबानाने मात्र मरियमला फोन केला, "यल्ला, आटप, आम्ही आत्ताच येतोय," आणि आम्हाला थेट तिच्या स्वयंपाकघरात नेलं. जेवण शिजायचं होतं, तेव्हा तिने बाईंच्याच हातात कालथा दिला. एका चुलीवर मरियमचा मचबूस, म्हणजे मसाल्याचा भात, आणि दुसरीकडे शबानाचे तांदळाचे वडे.

बाईंनी वडा उलटत विचारलं, "पण बहारीनला आलेला पर्यटक भारतीय पदार्थ कशाला खाईल?"

शबाना शांतपणे म्हणाली, "इथले मोती मुंबईला विकायला जायचे. मरियम, तुझ्या आजोबांचं सांग ना."

मरियम हसली. "आजोबा हिंदीत भाव करायचे. येताना मुंबईहून मसाले आणायचे. या भातात तेच आहेत."

"आणि मी त्याच किनाऱ्यावरून आले," शबाना म्हणाली. "आमच्या दोन किनाऱ्यांची ओळख जुनी आहे. पर्यटकाला आम्ही तीच चाखायला देतो."

बाईंनी वडे पुन्हा मागून घेतले. वारा पडल्यावर आम्ही गल्ल्यांतून फिरलो. शबाना दारं, खिडक्या, माणसं दाखवत गेली, एकही सन न सांगता. निघताना बाई म्हणाल्या, "पुढचं जहाज तुमचं. आणि स्वयंपाकघर सुरुवातीलाच ठेवा, वारा असो नसो."

बाईंची गाडी वळेपर्यंत शबानाने धीर धरला. मग मला आणि मरियमला एकदमच मिठी मारली आणि रडली.

पुण्याला परतून आता बरेच दिवस झाले. फोटो दाखवले की लोक मॉलचे, उंच इमारतींचे मागतात. माझ्याकडे बहुतेक मरियमच्या स्वयंपाकघराचे आहेत. काल शबानाचा फोन आला. पर्यटक इतके वाढलेत की दोघींना झेपेना, म्हणून मदतीला एकीला कामावर ठेवलंय. हॉटेलात हिच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची, हिच्याच बरोबर काढून टाकलेली.

"मुलाखत घेतलीस?" मी विचारलं.

"घेतली ना," शबाना म्हणाली. "मुहर्रक फिरवायला लावलं. सनावळ्या सांगायला लागली, तिथेच थांबवली."